बाथरूम नवं करताना डक्टची खिडकी बुजवायची का?

सायली_म

नमस्कार मंडळी,

आमच्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायला काढलंय. इमारत जुनी, आम्ही मधल्या मजल्यावर. जीआयचे (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजून नळाची धार करंगळीएवढी झाली, तिथून हे सगळं सुरू झालं. आता जुन्या टाइल्स निघाल्यात, भिंत उघडी पडलीय, त्यामुळे निर्णय पुढे ढकलायची सोय राहिलेली नाही.

प्रश्न असा आहे. एका भिंतीत डक्टकडे उघडणारी दीड बाय दोन फुटांची खिडकी आहे, काचेच्या पट्ट्यांची. पलीकडे डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, सगळ्या मजल्यांचे उभे पाइप. डिझायनरचं म्हणणं, खिडकी विटांनी बुजवून टाका. त्या भिंतीत कन्सील्ड फ्लश टँक, खाली वॉल हंग कमोड, शेजारी बेसिन, खिडकीच्या जागी मोठा आरसा. गीझर आणि एक्झॉस्ट फॉल्स सीलिंगमध्ये. चित्रात बाथरूम फार देखणं दिसतं. एकही पाइप नाही, एकही व्हॉल्व्ह नाही, एकही झाकण नाही. मला भीती वाटते ती याचीच.

प्लंबर म्हणतो, "ताई, मग उद्या मी शिरू कुठून?" डिझायनर म्हणते, हल्लीचे पाइप फुटत नाहीत. नवरा डिझायनरच्या बाजूने, सासरे प्लंबरच्या. मला दोन्ही पटतं आणि भिंत उघडीच आहे. अनुभव सांगा.

---

टवाळ

सासरे आणि प्लंबर एका बाजूला असतील तर निकाल लागलेलाच आहे. तरी चर्चा होऊ द्या, खुर्ची टाकून बसलोय.

---

अनुराधा_क

खिडकी बुजवू नका. आमच्या वरच्यांनी बुजवली होती. त्यांच्या मजल्यावर उभ्या पाइपचा सांधा सुटला आणि डक्टमधून घाण पाणी खालच्या तिन्ही घरांच्या भिंतींना लागलं. प्लंबरला तिथे पोचायला मार्गच नव्हता. गच्चीवरून दोर बांधून माणूस उतरवायचा म्हटलं तर चांगला प्लंबर तयार होईना, आणि जो तयार झाला त्याला उतरवायची आमच्या अध्यक्षांची छाती होईना. बरोबरच होतं त्यांचं, पडला असता तर? शेवटी वरच्यांच्या नव्याकोऱ्या टाइल्स फोडून तीच खिडकी पुन्हा उघडली. त्या टाइलचा तो रंग तोवर बंद झाला होता, त्यामुळे आता तिथे एक वेगळ्याच रंगाचा चौकोन आहे.

---

अर्धवट_राव

मी उलट बाजूने लिहितो. आमच्याकडे सगळं बंद आहे. खिडकी नाही, झाकणं नाहीत, पाइप भिंतीत. बरीच वर्षं झाली, पाण्याचा थेंब बाहेर आलेला नाही. काम नीट करून घेतलं, प्रेशर टेस्ट केली, संपला विषय. "उद्या फुटलं तर" म्हणून घरात जागोजागी दारं करत बसलो तर ते बाथरूम कमी आणि मीटर रूम जास्त वाटेल. प्लंबरला शिरायला सोपं जावं म्हणून घर बांधायचं का?

---

खालच्या_मजल्यावरून

@अर्धवट_राव, थेंब बाहेर आला की नाही हे तुमच्या खालच्यांना विचारलंत का?

---

टवाळ

आयडीला जागलात!

---

साइटवरचा

बांधकामावर देखरेख करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय.

भिंतीतला सरळसोट पाइप सहसा बिघडत नाही. सीपीव्हीसीचे (एक प्लास्टिकचा पाइप) सांधे सोल्व्हंटने नीट चिकटवले असतील, पीपीआर (दुसरा प्लास्टिकचा प्रकार) असेल तर नीट वितळवून जोडले असतील, तर तो सांधा म्हणजे अखंड पाइपच. हे भिंतीत गाडायला हरकत नाही. डिझायनर तेवढ्यापुरत्या बरोबर आहेत. बिघडतं ते तीन ठिकाणी: जिथे रबर आहे, जिथे आटे आहेत आणि जिथे काहीतरी हलतं. व्हॉल्व्हचा स्पिंडल, डायव्हर्टरचं (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या भागाचं) कार्ट्रिज, म्हणजे आतला बदलता येणारा तुकडा, फ्लश टँकचा फ्लोट आणि वॉशर, गीझरच्या लवचीक नळ्या, पितळी आट्यांना प्लास्टिक जोडलेल्या जागा. शिवाय सांडपाण्याच्या पाइपात जिथे वळण आहे तिथे तुंबणार. या सगळ्यांना वाट हवी. बाकीच्यांना नको.

म्हणजे दारं जागोजागी लागत नाहीत. नीट आखलं तर सबंध बाथरूमला दोन किंवा तीन पुरतात. फक्त ती टाइल्स लावायच्या आधी ठरवायची असतात, आणि तिथेच घोडं अडतं. डिझायनर भिंतीचं चित्र काढतो, प्लंबर पाइप टाकून निघून जातो, टाइलवाला तिसराच. व्हॉल्व्ह कुठे आला हे तिघांना एकत्र उभं करून कुणी विचारतच नाही.

खिडकीबद्दल. डक्ट तुमची एकट्याची नाही, ती सामाईक जागा आहे. तिच्यातून वरच्या घरांचं मैलापाणी जातं. तुमचे नवे पाइप कितीही उत्तम असले तरी डक्टमधले उभे पाइप जुनेच राहणार ना? बिडाचे असतील तर त्यांचे सांधे शिसं ओतून केलेले असतात, आणि शेजारी तोडफोडीचा ब्रेकर चालला की त्या हादऱ्यांनी ते ढिले होऊ शकतात. तोडफोड झालीच आहे तर आत्ता, खिडकी उघडी आहे तोवर, टॉर्च घेऊन वरपासून खालपर्यंत सगळे सांधे एकदा बघून घ्या.

---

टॉर्च

माझं नाव घेतलंत म्हणून आलो. साइटवरचा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, त्यात एकच भर. उभ्या पाइपला जिथे डोअर टी किंवा डोअर बेंड असतो, म्हणजे बोल्टने बसवलेलं झाकण असलेला तुकडा, त्या झाकणाचं तोंड खिडकीकडे आहे का ते बघा. आमच्या इमारतीत पाइप बदलले तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी निम्म्या मजल्यांवर झाकणाचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. झाकण आहे, खिडकी आहे, पाना फिरवायला जागा नाही. तुंबल्यावर लक्षात आलं.

---

मृण्मयी२

कन्सील्ड फ्लश टँकबद्दल सगळ्यांना भीती असते, मलाही होती. प्रत्यक्षात समोर जी दोन बटणांची पट्टी असते तीच त्याची खिडकी. पट्टी काढली की आतला फ्लोट व्हॉल्व्ह, फ्लशचा व्हॉल्व्ह, पाणी बंद करायचा छोटा कॉक, सगळं त्या भोकातून बाहेर येतं. टाइल फोडावी लागत नाही. आमच्याकडे वॉशर बदलायला आलेला मुलगा चहा गार व्हायच्या आत काम संपवून गेला.

पण दोन अटी. टँक अशा कंपनीचा घ्या जिचे सुटे भाग पुढेही मिळत राहतील. टाइलच्या आड गेलेली ती पेटी सहज बदलता येत नाही, तिच्या मापाचं वॉशर बाजारातून गेलं की झालं. दुसरं म्हणजे पट्टीसमोर काही ठोकू नका. एका नातेवाइकांच्या घरी नंतर सुताराने तिथे नॅपकिनची कपाटवजा फळी बसवली, भक्कम, स्क्रूवर डिंक वगैरे लावून.

---

शंका_कुशंका

@मृण्मयी२, आणि टँकमधून कमोडला येणारा पाइप? तिथलं रबर गेलं तर?

---

मृण्मयी२

तिथे कमोडच काढायचा. वॉल हंग कमोड दोन बोल्टवर लटकलेला असतो, बोल्ट सोडले की पुढे ओढून निघतो. मागचे दोन्ही सांधे, फ्लशचा आणि मैल्याचा, मोकळे होतात. म्हणून कमोडच्या कडेने पांढरं सिमेंट थापू देऊ नका. सिलिकॉनची बारीक रेघ पुरते, तीही खाली थोडी फट ठेवून, म्हणजे आत गळलं तर बाहेर दिसेल.

---

साइटवरचा

अगदी बरोबर. ती खालची फट फार मोलाची. गळती लपवणं म्हणजे गळती थांबवणं नव्हे, हे कामगारांना समजावता समजावता माझे केस पिकले.

आणखी एक. टँक आणि कमोड ज्या लोखंडी फ्रेमवर बसतात ती भक्कम भिंतीला किंवा जमिनीला धरलेली हवी. चांगल्या कंपन्यांच्या फ्रेम ४०० किलो वजनाला तपासलेल्या असतात, पण ते फ्रेमचं झालं. ती ज्या अर्ध्या विटेच्या पोकळ भिंतीत ठोकता ती ४०० किलो घेते का, हे वेगळं. बोल्टमधलं अंतर १८० किंवा २३० मिलिमीटर असतं, कमोड निवडण्याआधी फ्रेमशी जुळवून घ्या.

---

पक्का_कोबा

सगळे भिंतीवरच बोलताय. खरी मारामारी जमिनीत आहे.

सायलीताई, तुमचं बाथरूम संक आहे का? म्हणजे स्लॅब खाली घेऊन त्यात पाइप टाकून वर भराव केलेला? की पाइप स्लॅबमधून खाली उतरून खालच्यांच्या छताला लटकलेत? दोन्हींत वाट वेगळी असते. संक असेल तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) आणि आडवे पाइप भरावात गाडलेले, तिथे पोचायचं म्हणजे फरशी फोडायची. लटकलेले असतील तर पाइप तुमचा, पण पाना खालच्यांच्या बाथरूममध्ये चालणार.

संक असेल तर आत्ताच दोन कामं करून घ्या. जुना विटांच्या तुकड्यांचा भराव पूर्ण उपसा, नुसती वरची फरशी बदलू नका. जुन्या भरावात वर्षानुवर्षांचं पाणी मुरलेलं असतं. आणि संकच्या तळातून डक्टमध्ये एक छोटा पाइप काढून ठेवा. भरावात चुकून पाणी उतरलंच तर ते तिथून ठिबकेल, खालच्यांच्या छतातून नाही. तो ठिबकायला लागला की वर काहीतरी बिघडलंय हे समजायचं. अर्थात तो ठिबकतोय का ते बघायला डक्टची खिडकी लागते, म्हणजे पुन्हा तुमचाच प्रश्न.

वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी सगळी तोंडं बंद करून पाणी भरून ठेवा, किमान २४ तास, ४८ ठेवलंत तर उत्तम. खालच्यांना सांगून त्यांच्या छतावर आधी खडूने जुन्या डागांच्या कडा आखून या.

---

खालच्या_मजल्यावरून

हे खडूचं कुणीतरी आमच्या वरच्यांना सांगायला हवं होतं.

आमचे पाइप लटकलेले प्रकारातले आहेत. म्हणजे वरच्यांचा नहाणी ट्रॅप आमच्या डोक्यावर. आमच्या आधीच्या मालकांनी तिथे पीओपीचं छत करून घेतलं, एक झरोकासुद्धा न ठेवता. वरच्यांचं बाथरूम झालं, आणि काही महिन्यांनी आमच्या छताला पिवळा डाग. वरचे म्हणाले, आमच्याकडे सगळं नवीन आहे, तुमचाच पाइप असेल. आता छत न फोडता ठरवायचं कसं?

एका जुन्या प्लंबरने भांडण न करता उलगडा केला. वरच्यांचा बाथरूमचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला लावला. ठिबकणं कमी झालं असतं तर पुरवठ्याचा पाइप, कारण त्यात सतत दाब असतो. तसंच राहिलं. मग बाथरूम वापरायचंच थांबवलं तर ठिबकणं कमी होत होत थांबलं. म्हणजे सांडपाणी. मग नुसतं बेसिन वापरून बघितलं, काही नाही. नहाणीच्या जाळीत रंगाचं पाणी ओतलं आणि ते आमच्या छतातून गुलाबी होऊन उतरलं. वरच्यांना खाली बोलावून दाखवलं, त्यानंतर "आमचं नाही" हे वाक्य बंद झालं.

ट्रॅपच्या सांध्याचं काम होतं ते. काम छोटं, पण त्यासाठी आमचं पीओपी गेलं. आता तिथे उघडणारा चौकोन ठेवलाय. रोज दिसतो आणि रोज बरं वाटतं.

---

शंका_कुशंका

हे माहीत नव्हतं. रात्री व्हॉल्व्ह बंद करून बघायची युक्ती नोंदवून ठेवतो.

पण बंद करायला व्हॉल्व्ह कुठे असतो? आमच्याकडे गच्चीवर जाऊन अख्ख्या ओळीचं पाणी बंद करावं लागतं. मग खालून प्रत्येक मजल्यावरून आरोळ्या.

---

टॉर्च

म्हणून प्रत्येक बाथरूमला स्वतःचा व्हॉल्व्ह हवा, गार आणि गरम वेगळे. पाव फेरा फिरवून बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडबंद करत जा, नाहीतर क्षार बसून ऐन वेळी हटत नाही.

जागा: बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा दाराजवळ, हाताच्या उंचीवर. फॉल्स सीलिंगच्या वर नको. पाइप फुटलाय, गरम पाणी अंगावर येतंय, आणि घरातली शहाणी मंडळी शिडी शोधतायत, असं दृश्य मी पाहिलंय.

---

अर्धवट_राव

मान्य, व्हॉल्व्ह आमच्याकडेही बाहेर आहे. तो विचारात घ्यायचा राहिला. पण बाकीच्या मुद्द्यावर ठाम आहे. टाइलच्या भिंतीत पांढरं प्लास्टिकचं झाकण म्हणजे नव्या शर्टाला ठिगळ.

---

मृण्मयी२

प्लास्टिकचं झाकण कुणी सांगितलं? टाइल लावलेली दारं मिळतात. आतली चौकट भिंतीत, तिच्यात बसणारा पत्रा किंवा सिमेंट बोर्ड, त्यावर बाकी भिंतीचीच टाइल. दाबलं की उघडतं किंवा चुंबकावर धरलेलं असतं, रबरी चूषक लावून ओढायचं. दाराच्या कडा टाइलच्या सांध्यांवरच आल्या तर शोधून सापडत नाही. इथेही टाइलचा आराखडा आधी. दार आधी ठरवायचं आणि टाइलची ओळ त्याच्यापासून सुरू करायची, उलटं केलंत की कडेला बोटभर पट्ट्या कापाव्या लागतात आणि मग दार ओरडून सांगतं मी इथे आहे.

---

पक्का_कोबा

शॉवरच्या माऱ्यात मात्र हे दार कधीच नको. कितीही घट्ट म्हणा, पाणी आत जाणारच. शॉवरच्या भिंतीतल्या गोष्टींना वाट द्यायची तर भिंतीच्या पलीकडून द्या. पलीकडे बेडरूमचं कपाट असेल तर कपाटाच्या मागच्या फळीत दार करता येतं. कोरडी जागा, कुणाला दिसत नाही, प्लंबर कपडे बाजूला सारून काम करतो.

---

टवाळ

प्लंबर कपाटातून बाहेर येतोय, त्याच वेळी नवरा घरी येतोय. इथून पुढे मालिकावाल्यांनी घ्यावं.

---

अनुराधा_क

😀 वरच्या प्रतिसादाला शंभर लाइक्स.

जरा गंभीर. दाराचा आकार मोठा ठेवा. आमच्याकडे हात जाईल एवढं भोक ठेवलं होतं. हात गेला, पाना गेला, दोन्ही एकत्र गेले नाहीत.

---

साइटवरचा

व्हॉल्व्हसाठी आतून मोकळं माप एक फूट बाय एक फूट तरी हवं. डक्टमध्ये डोकावून काम करायचं असेल तर खांदे जायला हवेत, म्हणजे दोन फुटांच्या आसपास. तुमची दीड बाय दोनची खिडकी त्याला पुरते, ती आणखी लहान करू नका.

शॉवर डायव्हर्टरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चांगल्या डायव्हर्टरचं कार्ट्रिज समोरून, हँडल आणि गोल पट्टी काढून निघतं. भिंत फोडावी लागत नाही, अट एकच, तो योग्य खोलीवर बसलेला हवा. त्याच्या आवरणावर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. भिंतीचा तयार पृष्ठभाग, म्हणजे प्लास्टर अधिक चिकटवायचा थर अधिक टाइल, त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. प्लंबर बसवतो तेव्हा भिंत नागडी असते आणि कुठली टाइल येणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो अंदाजाने बसवतो. मग जाड टाइल आली की डायव्हर्टर आत बुडतो आणि पुढे कार्ट्रिज काढायची वेळ आली की टाइल फोडणं आलं. सायलीताई, तुमच्या टाइलचा एक तुकडा आजच प्लंबरच्या हातात द्या.

प्रेशर टेस्टबद्दल: अर्धवट_राव म्हणतात तशी ती करायचीच. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यायचा, आधी पाइपातली हवा पूर्ण काढून. सोल्व्हंट वाळायला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्या. आणि टेस्ट झाली म्हणून गेज काढून नेऊ देऊ नका. टाइल्स लागेपर्यंत लाइन दाबाखालीच ठेवा. टाइलवाल्याने किंवा इलेक्ट्रिशियनने पाइपात खिळा घातला तर काटा त्याच दिवशी खाली येतो. नाहीतर तो खिळाच भोकाला बूच होऊन बसतो आणि गंजला की मग गळतं.

पितळी आट्यांच्या जागी टेफ्लॉन टेपच वापरायला सांगा. तेलकट लेप काही वेळा सीपीव्हीसीला मानवत नाहीत, तडे जातात. पाइप बनवणाऱ्याने जे चालतं म्हणून लिहिलंय तेच.

---

शंका_कुशंका

खिळ्यावरून आठवलं. पाइप टाकून झाले की भिंतींचे फोटो काढायचे असं सगळे सांगतात. आमच्या मेव्हण्यांनी काढले होते. मग हौसेने टॉवेलची दांडी लावायला ड्रिल मारलं आणि गरम पाण्याचा फवारा. फोटोत पाइप होता, पण कुठल्याही गोष्टीपासून किती अंतरावर ते कळत नव्हतं. नुसता विटांचा लाल पडदा.

---

टॉर्च

फोटोत टेप धरून काढायचा. एक टोक कोपऱ्याला, एक फरशीच्या तयार पातळीला. प्रत्येक भिंत समोरून सरळ, तिरकी नाही. आणि तो फोनमध्ये ठेवू नका, फोन बदलतात. छापून विजेच्या डीबीच्या, म्हणजे स्विचांच्या मुख्य पेटीच्या, दाराच्या आत चिकटवा. पुढचा मालकसुद्धा दुवा देईल.

---

सायली_म

बापरे, किती सविस्तर! सगळ्यांचे आभार.

काही उत्तरं. @पक्का_कोबा, संक आहे. भराव पूर्ण काढायचा ठरतोय, प्लंबरनेही तेच सांगितलं होतं, फक्त "खराब होतो" एवढंच बोलला, कारण इथे कळलं. @टॉर्च, डोअर टी दिसली, तोंड खिडकीकडे आहे पण अर्धी बेसिनच्या नव्या जागेच्या मागे जातेय. टाइलचा तुकडा प्लंबरला दिला. तो तुकडा बघून गप्प झाला आणि डायव्हर्टर बाहेर ओढून पुन्हा बसवला.

नवीन अडचण. खिडकी ठेवायची यावर घरात एकमत झालं. डिझायनर म्हणते ठीक, पण आरसा तिथेच हवा, नाहीतर बेसिनची सगळी मांडणी बदलते. आणि गीझर. आमचा सध्या गॅसचा आहे. तोच फॉल्स सीलिंगखाली कोपऱ्यात बसवून खिडकीऐवजी एक्झॉस्टवर भागेल का?

---

साइटवरचा

नाही. इथे चर्चेला जागा नाही.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये नको म्हणजे नको. ज्वाळा त्याच खोलीतली हवा खाते, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, आत कडी लावलेली असते. एक्झॉस्ट चालू करायला विसरलं किंवा वीज गेली की संपलं. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेशीर जागी लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा, नाहीतर विजेचा घ्या.

---

अनुराधा_क

+१. बाकी सगळ्यावर मतभेद चालतील, यावर नाही.

---

पक्का_कोबा

विजेचा घेतलात तर सीलिंगमध्ये लपवताना तो सबंध खाली निघेल एवढं दार हवं. हात जाईल एवढं नाही, गीझर निघेल एवढं. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्हमधून निघणारं पाणी पाइपने खाली जाळीपर्यंत आणा. तो सीलिंगमध्येच ठिबकत राहिला तर छत फुगेपर्यंत कळत नाही. माझं विचाराल तर सीलिंगच्या खाली उघडा लावा. गीझर दिसला म्हणून कुणी पाहुणा परत गेल्याचं ऐकलं नाही.

---

अर्धवट_राव

आरशाचं मी सांगतो, कारण सुंदर दिसण्याची बाजू इथे मी एकटाच लढवतोय.

आरसा भिंतीला चिकटवू नका. खिडकीच्या चौकटीवर बिजागरीचं दार करा, त्या दारावर आरसा. रोज आरसा, वर्षातून एकदा दरवाजा. आरसा खिडकीपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा घेतला की खिडकी दिसतच नाही. हवा जायला आरसा भिंतीपासून दोन बोटं पुढे राहू द्या आणि एक्झॉस्ट खिडकीच्या वरच्या पट्टीत बसवा, म्हणजे सीलिंगमधून पाइप फिरवायची भानगड नाही.

---

खालच्या_मजल्यावरून

अर्धवट_राव, हे तर दार झालं!

---

अर्धवट_राव

आरसा आहे तो.

---

टॉर्च

कल्पना चांगली आहे. बिजागरी डोअर टीच्या विरुद्ध बाजूला लावा, म्हणजे उघडलेला आरसा प्लंबरच्या खांद्याला आडवा येणार नाही. आरसा जड असेल तर तीन बिजागऱ्या. आणि बेसिन खिडकीच्या बरोबर खाली असेल तर माणूस आत वाकताना त्याच्यावर पोट टेकणार, वजन टाकणार. बेसिन दोन ब्रॅकेटवर लटकतं ठेवू नका, खाली कप्पा किंवा पाय द्या. कप्पा केलात तर त्याच्या मागच्या फळीला ट्रॅप आणि अँगल कॉकसमोर (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा कॉक) मोठं भोक. सुतार ते हमखास विसरतो.

---

सायली_म

आरशाच्या दाराला डिझायनरने होकार दिला, म्हणजे आता ती कल्पना तिची आहे. बेसिन चार इंच डावीकडे सरकतंय, डोअर टी पूर्ण मोकळी होतेय. गीझर विजेचा, सीलिंगखाली उघडा, नवरा थोडा नाराज. पाणी भरून ठेवायची तारीख ठरली की खालच्या काकूंकडे खडू घेऊन जाते.

एकच राहिलं. आरशामागे खिडकीला जाळी लावू की जुन्या काचपट्ट्याच ठेवू? डक्टमधून डास आणि कबुतरं दोन्ही येतात.

---

पक्का_कोबा

जाळी, पण ठोकून नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीत, चार स्क्रूवर निघणारी. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साधे घेतलेत तर दोन पावसाळ्यांत गंजून डोकी जातील आणि प्लंबर ती जाळी कापूनच काढेल. कबुतरांसाठी बाहेरून आणखी एक जाड जाळी.